गोड आठवणींचे ऋण

मनुष्याच्या मनाचा एक चमत्कारिक धर्म असा आहे की, ज्या वस्तूने आपणांस पावलोपावली छळले, तिचीच आठवण ते पुढे अत्यंत प्रेमाने काढीत बसते. ज्या विहिरीने बारमाही पाणी दिले तिच्याविषयी कोणी चार वाक्येही बोलत नाही. परंतु जिचा रहाट दर आठवड्यास मोडे, तिच्या कथा घरात तीन पिढ्या पुरतात. वाहनांचेही तसेच आहे. उत्तम मोटार दहा वर्षे बिनतक्रार चालली, तर तिच्याबद्दल सांगण्याजोगे एवढेच उरते की ती चालली. उलट, ज्यांच्या दारी एके काळी तीन चाकांची जुनी गाडी होती, त्यांस तिचा विषय काढून पाहावे. ती कोठे बंद पडली, कोणत्या ओढ्यात रुतली, लग्नघटिका टळू नये म्हणून तिला किती जणांनी ढकलले, हे सारे ते अशा उल्हासाने सांगतात की, ऐकणाऱ्यास आपल्या निर्दोष वाहनाची लाज वाटावी. ही माया नक्की कशाची, आणि ती उपभोगण्याचा अधिकार कोणास, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसतो. आम्हांसही तो बरीच वर्षे क्षुल्लक वाटत होता. पुढे तो तसा का राहिला नाही, हे सांगण्याकरिता प्रस्तुत लेख लिहिला आहे.

तीन चाकांच्या गाडीस हसणाऱ्यांनी प्रथम एवढे ध्यानात घ्यावे की, मोटारींच्या घराण्याचा मूळपुरुष तीन चाकांचाच होता. फ्रान्समध्ये क्यून्यो याने 1769 साली तोफा ओढण्याकरिता जी वाफेची गाडी केली, तिला चाके तीन होती. आणि कार्ल बेंझ याने 1886 साली ज्या गाडीचे पेटंट घेतले, तिलाही तीनच होती. पुढची दोन चाके एकाच वेळी योग्य कोनात वळविण्याचा पेच तेव्हा त्यास समाधानकारक सुटला नव्हता. म्हणून त्याने पुढे एकच चाक लावून तो पेच टाळला. त्याची पत्नी बर्था हिने 1888 साली दोन मुलांस बरोबर घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत सुमारे 100 किलोमीटरचा जो प्रवास केला, तो तर अपघातांची मालिकाच होय. इंधनाची नळी तुंबली ती तिने टोपीच्या टाचणीने मोकळी केली, इंधन औषधांच्या दुकानातून विकत घेतले, ब्रेकचे लाकूड झिजले तेव्हा त्यावर चांभाराकडून कातडे ठोकून घेतले, आणि चढावर मुलांनी गाडी ढकलली. म्हणजे तीन चाकांची गाडी ढकलण्याची परंपरा तिच्या पहिल्या लांब प्रवासाइतकीच जुनी आहे.

आपल्याकडे ही जात दोन वाटांनी आली. हाम्बुर्ग येथील एका कारखान्याच्या तीनचाकी मालगाडीचे नाव ‘टेम्पो’ होते. 1958 पासून बजाज टेम्पो या कंपनीने ती मुंबईस गोरेगावी बनविण्यास आरंभ केला, आणि थोड्याच काळात ते विशेषनाम मराठीत सामान्यनाम होऊन बसले. कंपनीने 2005 साली आपले नाव बदलले. परंतु भाषेने काही बदलले नाही, आणि आज चार चाकांच्या, सहा चाकांच्या मालगाडीसही खेड्यातला मनुष्य टेम्पोच म्हणतो. दुसरी वाट इटलीची. तेथे कोरादिनो दास्कानिओ याने स्कूटरवरून रचलेली लहान मालगाडी 1948 साली निघाली, तिचे नाव ‘आपे’, म्हणजे मधमाशी. पुढे त्याच घराण्याचा कारखाना आमच्या शेजारच्या जिल्ह्यापलीकडे बारामतीस उभा राहिला, आणि ‘अ‍ॅपे’ हा शब्द बीड, परळी, माजलगाव, केज येथील प्रत्येक बसस्थानकाबाहेर ऐकू येऊ लागला. बंगळुरास एका कंपनीने विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात ‘बादल’ नावाची तीन चाकांची मोटारही काढली होती. ती फार दिवस तगली नाही. इंग्लंडात अशा मोटारींवर कर कमी असे व त्या मोटारसायकलीच्या परवान्यावर चालविता येत, म्हणून बेताच्या मिळकतीच्या कुटुंबांनी त्या आनंदाने बाळगल्या. आज तेथे त्यांचे हौशी मालक मंडळे स्थापून मेळे भरवितात आणि आपापली गाडी कोणत्या वळणावर कलंडली याच्या कथा एकमेकांस सांगतात. तात्पर्य, हा मोह केवळ आमच्याच मुलखाचा नव्हे.

आमच्या मुलखात मात्र ही गाडी हौसेने आलेली नव्हती. बीड जिल्हा बालाघाटाच्या डोंगररांगेने वर व खाली असा दुभागलेला आहे. बीड शहरास आगगाडी आली ती 2025 च्या सप्टेंबर महिन्यात. तोपर्यंत जिल्ह्यातील लोहमार्गाचा मान मुख्यतः परळीकडे होता. खेड्यापर्यंत एस. टी. येई, पण ती आपल्या वेळेस येई, आणि माणसाच्या गरजा काही तिच्या वेळापत्रकास विचारून उत्पन्न होत नाहीत. अशा ठिकाणी ज्याच्या दारी तीन चाके, त्याच्या दारी सारे गाव. आमच्या घरी ही गाडी 1998 साली आली. मांजरसुंब्याच्या पलीकडे पठारावर आमचे गाव. तेथून नेकनूरच्या आठवडी बाजारास भाजीपाला न्यावा, एवढाच तिच्या खरेदीचा हेतू होता. ती कोणत्या कारखान्याची होती, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. ती जुनी होती, आणि तिच्यात जे दोष होते त्यांतील बहुतेक तिच्या पूर्वीच्या धन्यांनी व उरलेले आम्ही उत्पन्न केलेले होते.

तिचे डिझेलचे यंत्र दोरी ओढून सुरू होई. थंडीच्या दिवसांत हा विधी अर्धा अर्धा तास चाले, आणि दोरी तुटली म्हणजे दावणीचे दावे सोडून आणावे लागे. गाडी सुटे तोवर इकडे गाय सुटलेली असे. दिव्याचा भरवसा नसल्यामुळे रात्रीच्या प्रवासात घरातील एक मुलगा हातात बॅटरी घेऊन पुढे बसविलेला असे, आणि त्यास डुलकी लागली की सर्व जगात अंधार होई. कार्तिकी पौर्णिमेस कपिलधारच्या यात्रेस जाताना ती एकदा अशी रुसली की, शेवटी आम्ही तिला बैलजोडी जुंपली. मन्मथस्वामींच्या दर्शनास चाललेले शिवभक्त त्या विचित्र रथास वाट देत होते. एका लग्नात नवरदेव तिच्यातून उतरला तो धुराने असा काळवंडलेला की, सासूबाईंनी ओवाळण्यापूर्वी त्याचे तोंड धुवावयास पाणी मागविले. मात्र 2013 च्या उन्हाळ्यात, पाण्याच्या थेंबाथेंबाची मारामार असता, हीच गाडी दिवसातून तीन खेपा करून पिंपे भरून आणीत असे, आणि त्या सबंध हंगामात ती एकदाही बंद पडली नाही. आमच्या मातोश्री म्हणत की, तिला प्रसंग समजतो. दसऱ्यास तिला झेंडूची माळ व हळदीकुंकू असे. 2014 साली ती भंगारात गेली, त्या दिवशी नारळ फोडून तिला निरोप दिला गेला, आणि घरातील दोघांतिघांचे डोळे ओले झाले. तिचा रबरी भोंगा आजही आमच्या दिवाणखान्यात कपाटावर ठेवलेला आहे.

आता प्रश्न असा की, निर्जीव यंत्राच्या ठिकाणी ही कृतज्ञता योग्य आहे काय? ॲरिस्टॉटल या ग्रीक तत्त्वज्ञाने आपल्या नीतिशास्त्रात मैत्रीचा विचार करताना म्हटले आहे की, निर्जीव वस्तूंवरील प्रेमास मैत्री म्हणता येत नाही. कारण त्या प्रेमाची परतफेड करीत नाहीत, आणि त्यांचे हित आपण त्यांच्याकरिता चिंतीत नसतो. मद्याचे कल्याण असो असे म्हणणे हास्यास्पद होय. ते टिकावे असे आपणांस वाटते ते आपणांस मिळावे म्हणून. हा युक्तिवाद तर्कदृष्ट्या बिनतोड आहे. पण आमच्याकडील खंडेनवमीपुढे तो थोडासा अडखळतो. नांगर, विळा, शिवणयंत्र यांस आपण गंध लावतो ते त्यांस समजते म्हणून नव्हे, तर आपणांस समजावे म्हणून. आपले पोट आपल्या एकट्याच्या कर्तबगारीवर चालत नाही, ही जाणीव वर्षातून एकदा ताजी करणे, हा त्या पूजेचा अर्थ होय. मोडले की टाकले, असा बाणा ज्या काळाने पत्करला आहे, त्या काळात जुन्या वस्तूची डागडुजी करीत तिला जपणे हा सद्गुणच म्हटला पाहिजे.

तथापि अधिक खोल पाहिले म्हणजे असे दिसते की, वर ज्या आठवणी सांगितल्या त्यांत गाडी ही केवळ निमित्त आहे. बिघाड नसलेले वाहन माणसास माणसांच्या जवळून पुढे घेऊन जाते. बिघडणारे वाहन त्यास माणसांच्या दारी उभे करते. ज्यांनी बैल सोडून दिले, ज्यांनी दावे दिले, ज्यांनी चिखलात गुडघाभर उतरून खांदा लावला व नंतर चहासही न थांबता आपल्या वाटेने गेले, ते जर नसते, तर त्या प्रत्येक प्रसंगाची आठवण गोड नव्हे, कडू झाली असती. म्हणजे आम्ही जी माया गाडीवर करीत होतो, ती वस्तुतः या लोकांची होती. त्यांची नावे विसरली गेली आणि भोंगा तेवढा कपाटावर राहिला. पत्र मनापासून लिहिलेले होते. पत्ता मात्र चुकला होता.

परंतु यापेक्षाही मोठी चूक आमच्या हातून झालेली होती, आणि ती सांगण्यापूर्वी एका जुन्या वचनाचा विचार केला पाहिजे. रघुवंशाच्या चौदाव्या सर्गात राम व सीता अयोध्येस परत आल्यावर वनवासातील प्रसंगांची चित्रे असलेल्या मंदिरात बसतात. दंडकारण्यात भोगलेली दुःखेसुद्धा आठवू लागताच त्यांस सुखरूप झाली, असे कालिदास म्हणतो. हे सत्य आहे, आणि आमच्या गाडीच्या साऱ्या कथा याच सत्यावर उभ्या आहेत. भवभूतीनेही उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकात हीच चित्रे दाखविली आहेत. पण तेथे ती पाहताना रामाच्या डोळ्यांतून अश्रू गळतात. एकच चित्र एकास सुख देते व दुसऱ्यास रडविते, हे कसे? आमच्या मते यात विरोध नाही. दुःख संपलेले असेल तरच त्याची आठवण गोड होते. जखम भरली असेल तरच व्रण कौतुकाने दाखविता येतो. कालिदासाच्या राम-सीतांनी ते दुःख बरोबरीने भोगले होते आणि दोघांचेही ते बरोबरच संपले होते, म्हणून ते सुख दोघांचे होते. ज्या प्रसंगातील एकाचे दुःख संपले आहे आणि दुसऱ्याचे संपलेले नाही, त्याच्या आठवणीची गोडी कोणाची मानावयाची?

तो प्रसंग असा. 2005 साली, दिवाळीच्या चार दिवस आधी, कापसाच्या वेचणीवरून परतणाऱ्या बाया आमच्या गाडीत होत्या. गाडी मालाची, माणसे बसविण्याचा तीस परवाना नव्हता. मागे कापसाची बोचकी, बोचक्यांवर बाया, आणि त्यांची संख्या आमच्या सांगण्यात दरवर्षी एकदोनने वाढत आलेली आहे. उतारावरच्या वळणावर एक वासरू आडवे आले, ब्रेक दाबला गेला, आणि झोपलेला मनुष्य कुशीवर वळावा तशी गाडी सावकाश कलंडली. यात दैवाचा भाग नव्हता. तीन पायांचे तिवई कोठेही ठेवले तरी डुगडुगत नाही, कारण तीन बिंदू नेहमी एका पातळीत असतात. म्हणून उभी असता ही गाडी सर्वांत स्थिर. पण वळताना ब्रेक दाबला की सर्व भार पुढे व बाहेर झुकतो, आणि तेथे आधार देण्यास चाकच नसते. पुढचे एकुलते चाक व मागचे बाहेरचे चाक यांना जोडणारी रेषा ओलांडली गेली की ती पडलीच. भार जितका उंच रचावा, तितके हे लवकर घडते. हे ज्ञान तेव्हाही, निदान अनुभवाने, आम्हांस होते.

बोचकी फुटली, सर्वत्र कापूस झाला, आणि त्या पांढऱ्या ढिगातून एकेक डोके वर येऊ लागले. प्रथम किंकाळ्या झाल्या, आणि सर्व जिवंत आहेत असे दिसताच हसण्याचा जो लोंढा लोटला तो आवरेना. ‘कापसात पडलो’ हा शब्दप्रयोग त्या दिवसापासून आमच्या घराण्यात रूढ झाला. कोणत्याही लग्नात, बारशात, ही गोष्ट झाल्याशिवाय पंगत उठत नसे. गोष्टीच्या शेवटी एक वाक्य असे: “एका मावशीचा हात थोडा मुरगळला, बाकी कोणास ओरखडाही नाही.”

2019 साली आमच्या घरच्या एका लग्नात ही गोष्ट रंगात आली असता, ती मावशी मांडवात पोळ्या लाटावयास आलेली होती. वरील वाक्य उच्चारले गेले तेव्हा सर्वांबरोबर तीही हसली. आणि हसता हसता तिने आपला डावा हात पदराखाली घेतला. ते आम्ही पाहिले. पोळ्या लाटताना ती लाटण्यावर एकाच हाताचा भार देते, हेही त्याच दिवशी प्रथम पाहिले. चौदा वर्षे ती आमच्या गावात व आमच्या डोळ्यांपुढे होती.

चार दिवसांनी तिच्या घरी जाऊन विचारपूस केली तेव्हा कळले ते असे. मनगट मुरगळले नव्हते, मोडले होते. आम्ही औषधाकरिता दोनशे रुपये दिले होते व आपले कर्तव्य पार पडले असे मानले होते. तिने ते हाडवैद्याकडून बांधून घेतले, आणि ते वाकडे बसले. दिवाळी झाली की या जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊसतोडीस पश्चिम महाराष्ट्रातील कारखान्यांकडे निघतात, हे वाचकांस ठाऊक असेलच. तेथे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो, आणि त्या जोडीच्या नावे मुकादमाकडून आगाऊ रक्कम, म्हणजे उचल, घेतलेली असते. एकटा मनुष्य म्हणजे अर्धा कोयता. उचल पावसाळ्यातच खर्च झालेली. ती परत करावयास पैसा नाही आणि जोडी तर पुरी पाहिजे. तेव्हा आईच्या जागी आठवीतील मुलगी गेली. ती परत शाळेत बसली नाही. पुढे तिचे लग्न झाले, आणि आता ती नवऱ्याबरोबर आपला कोयता घेऊन जाते.

हे सांगताना मावशीच्या बोलण्यात तक्रार नव्हती. “तुमी काय मुद्दाम पाडली व्हय, दादा,” ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, “त्या गाडीचं काय केलं?” आम्ही सांगितले की ती भंगारात दिली. “नारळ फोडला व्हता म्हणं?” तिने विचारले, आणि आम्ही होय म्हणालो. याउपर ती काही बोलली नाही, चहा ठेवण्याकरिता उठली. तिच्या मनात काय होते हे आम्हांस ठाऊक नाही, आणि तिच्या तोंडी आमचे विचार घालणे हा तिच्यावर दुसरा अन्याय होईल. आमच्या मनात काय आले ते मात्र सांगता येते. ज्या यंत्राने तिचे मनगट मोडले त्यास आम्ही माळ घातली, त्याच्याकरिता रडलो, त्याचा भोंगा जपून ठेवला. आणि त्या मनगटाकरिता आमच्या गोष्टीत एक वाक्य होते, तेही खोटे.

यावर कोणी म्हणेल की, असा हिशेब मांडू लागल्यास जगात एकही आठवण गोड म्हणून उरणार नाही. प्रत्येक हसण्याच्या तळाशी कोणाचे तरी दुःख शोधून काढता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. नवरदेवाचे तोंड काळे झाले ती गोष्ट सांगताना कोणाचेही ऋण बुडत नाही. तो नवरदेवच आज ती सर्वांत रंगवून सांगतो. आमचे म्हणणे इतकेच की, आठवण गोड झाली हा ती संपल्याचा पुरावा नव्हे. ज्या प्रसंगात आपणांबरोबर दुसरेही होते, त्याची गोष्ट पुनःपुन्हा सांगण्यापूर्वी एकदा त्यांच्या दारी जाऊन, त्यांच्यापाशी ती कशी उरली आहे, हे विचारून यावे. बहुतेक वेळा तेही हसतील, आणि मग ते हसणे दोघांचे होईल. एखादे वेळी हात पदराखाली जाईल.

आणखी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. लेखकाने स्वतःस ‘आम्ही’ म्हणावे, हा लेखनाचा जुना शिष्टाचार आहे, आणि या लेखात आम्ही तो पाळला आहे. परंतु लिहिता लिहिता आमच्या असे ध्यानात आले की, त्या ‘आम्ही’च्या आडोशास उभे राहणे फार सोयीचे असते. ‘आम्ही गाडी घेतली’, ‘आम्ही पाण्याच्या खेपा केल्या’, येथे तो शब्द सर्व घरादारास सामावतो व शोभतो. पण ‘ब्रेक दाबला गेला’ असे जे वर लिहिले आहे, ते वाचकांनी दुरुस्त करून वाचावे. त्या दिवशी हँडलवर हात दोनच होते, बोचकी इतकी उंच रचू द्यावी की नाही हे ठरविणारा एकच मनुष्य होता, आणि तोच हा लेख लिहीत आहे.

झालेले भरून निघण्यासारखे नाही. हाताचे हाड आता सरळ होणार नाही, असे बीडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले; आणि गेलेली शाळा कोणत्याही रकमेने परत येत नाही. जे थोडे देता येण्यासारखे होते ते दिले; त्याचा उल्लेख करणे अनुचित होय. गोष्ट मात्र आमच्या घरी अजून सांगितली जाते. वासरू येते, गाडी कलंडते, कापसातून डोकी वर येतात, मुले हसतात. आणि मग मनगटाचे, उचलीचे व आठवीतील मुलीचे सांगावे लागते. ते ऐकून मुले गप्प होतात. पूर्वीसारखी ती गोष्ट आता रंगत नाही, हे खरे. पण ती आता पुरी आहे.